बांधावरची गणितं आणि दहावीचा पेपर

भात झोडून कणगीत गेलं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, वालाच्या शेंगा भरल्या आणि रात्री माळावर कुठेतरी पोपटीचा जाळ दिसू लागला, की रोहा-अष्टमी भागात समजायचं, दहावीची परीक्षा जवळ आली. पूर्वी ही परीक्षा मार्चात बसत असे. २०२५ सालापासून ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होऊ लागली आहे. त्यामुळे वालाची तोडणी, भाजीपाल्याला पाणी, कालव्यावरच्या उन्हाळी भाताची कामं आणि गणित-विज्ञानाचा सराव हे सगळं एकाच अंगणात एकमेकांच्या अंगावर येतं. शेतकऱ्याच्या घरात अशा वेळी यातलं कुठलं काम मागं पडतं, ते वेगळं सांगायला नको.

शेती खात्याच्या कामाने गावोगाव फिरताना संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर पोरं वह्या घेऊन बसलेली दिसतात. भाषा, इतिहास, भूगोल यांची त्यांना फारशी धास्ती नसते. पाठ करून वेळ निभावते. घोडं अडतं ते गणिताच्या दोन्ही भागांत आणि विज्ञानाच्या पहिल्या भागात, म्हणजे गुरुत्वाकर्षण, वीज, उष्णता, भिंगं या धड्यांत. तिथे उदाहरण सोडवावं लागतं आणि पाठांतर उपयोगी पडत नाही. मी कृषी पदविकावाला. खतांचे डोस, बियाण्याचं प्रमाण, पंपाचा विसर्ग, असली आकडेमोड रोजची. म्हणून पोरं मलाच धरतात, "सर, एवढं एक उदाहरण सांगा ना." एकाची पाच होतात आणि कंदील, आता दिवा म्हणू, विझेपर्यंत बैठक चालते.

यात पणाला काय लागलेलं आहे ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावं. दोन-चार एकर भाताची जमीन, तिच्यातही भावाभावांत वाटे. नुसत्या शेतीवर पुढचं घर चालणार नाही हे बापालाही कळतं आणि पोरालाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत चांगलं काम हवं तर आयटीआय पाहिजे. परिचारिका व्हायचं तर बारावी. माझ्यासारखी कृषी पदविका करायची तरी आधी दहावी. सगळ्या वाटांना एकच फाटक, आणि त्या फाटकाची कडी म्हणजे गणित आणि विज्ञान. नापास झालं तर पुरवणी परीक्षा असते हे खरं. पण मधल्या काळात पोरगा कुठेतरी हजेरीवर लागतो आणि पोरीला स्थळं यायला लागतात. पुरवणीचा फॉर्म मग राहूनच जातो.

खारपट्टीतल्या एका गावात असंच झालं होतं. मुलगी हुशार, मराठीत वर्गात पहिली. पूर्वपरीक्षेत बीजगणितात चाळीसपैकी चौदा आणि भूमितीत नऊ पडले. वडील मला म्हणाले, "गनिताच्या पायी पोरगी रडते वो, साहेब. बस झाली शाला." आई आतून बोलली, "शेंगा मी तोडीन, तिला बसू दे." बाई शाळेच्या फार वरपर्यंत गेलेली नाही, पण त्या घरातला शेवटचा शब्द तिचा ठरला. तेव्हापासून ती मुलगी रोज ओट्यावर येते. तिच्याबरोबर आणखी सात-आठ जण. त्यांच्याबरोबर सोडवलेली काही उदाहरणं इथे देतो. पुस्तकातली भाषा बाजूला ठेवून आपल्याच मुलखातले आकडे घेतले आहेत. आई-वडिलांनीही वाचावीत, कारण यातलं निम्मं त्यांना आधीपासून येतं.

आधी एकक, मग आकडा

पहिली गोष्ट एककाची. दहातल्या सात पोरांचं उत्तर सूत्र चुकल्यामुळे चुकत नाही, एककामुळे चुकतं. रेल्वेचा वेग किलोमीटरमध्ये, पुलाची लांबी मीटरमध्ये, वेळ सेकंदात, आणि सगळं एकाच हंड्यात ढवळलेलं.

समजा, रोह्याहून निघालेली गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने एका पुलावरून जाते. गाडी ३६० मीटर लांब, पूल ९० मीटर. पूर्ण पार व्हायला किती वेळ? आधी वेग मीटर प्रति सेकंदात आणायचा. किलोमीटरचे मीटर करायला हजाराने गुणायचं, तासाचे सेकंद करायला ३६०० ने भागायचं, म्हणजेच पाच अठरांशांनी गुणायचं. ५४ चे १५ झाले. आता गाडीला किती अंतर काटायचं आहे? पोरं ९० म्हणतात. इंजिन पुलावर चढल्यापासून शेवटचा डबा उतरेपर्यंत मोजायचं असेल तर गाडीची स्वतःची लांबीही धरावी लागते. ३६० आणि ९० मिळून ४५०, भागिले १५, बरोबर ३० सेकंद. बैलगाडी चिखलातून काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बैल बाहेर आले म्हणजे गाडी बाहेर आली असं कोणी म्हणत नाही, मागची चाकं निघावी लागतात. एवढं म्हटल्यावर एक पोरगा लगेच म्हणाला, "मग सर, तसं पुस्तकात का नाय लिहीत?" त्याला काय उत्तर देणार!

वस्तुमान आणि वजन यांचाही असाच घोळ. खताच्या गोणीवर ५० किलो लिहिलेलं असतं ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी तिला ज्या बलाने खाली ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजायचं. ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. हमाल पाठीवर जे झेलतो ते हे ४९०. गोणी चंद्रावर नेली तर आतलं खत तेवढंच राहील, ओढ मात्र सहावा हिस्सा होईल. आपण बाजारात "वजन किती" विचारतो आणि दुकानदार किलो सांगतो, त्यात काही बिघडत नाही. पेपरात मात्र गुण जातात.

माड, सुपारी आणि सावली

भूमितीतली समरूपता शिकवायला माडासारखं साधन नाही. एक मीटरची काठी उन्हात उभी केली, तिची सावली ८० सेंटिमीटर आली. त्याच वेळी माडाची सावली १२ मीटर भरली. काठी आणि तिची सावली, माड आणि त्याची सावली, दोन्ही काटकोन त्रिकोण, ऊन एकाच कोनातून येतंय, म्हणून त्रिकोण समरूप. ०.८ ला १, तर १२ ला किती? १५ मीटर. पाडेली वर चढला नाही, दोरी सोडली नाही, आणि माड मोजून झाला.

आता त्याच माडावरून नारळ सुटला तर खाली यायला किती वेळ, आणि आपटताना वेग किती? इथे भूमितीतून विज्ञानात उडी मारायची. सुरुवातीचा वेग शून्य, त्वरण ९.८, अंतर १५. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले ९.८ गुणिले १५, बरोबर २९४. याचं वर्गमूळ काढायचं. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा अंदाज शिका. १७ चा वर्ग २८९, १८ चा ३२४. उत्तर १७ च्या जरासं पुढे, १७.१ धरा. म्हणजे ताशी जवळजवळ ६२ किलोमीटर. वेळ १७.१ भागिले ९.८, पावणेदोन सेकंद. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही म्हणतात. असतील डोळे. पण पावणेदोन सेकंदांत तो तरी कुठे वळणार? माडाखाली खाट टाकू नये हे बरं.

मग मी विचारलं, की शेजारच्या पोफळीवरून, तेवढ्याच उंचीवरून, त्याच क्षणी सुपारी सुटली तर आधी कोण पोचेल? आठही जणांनी नारळ म्हटलं. सूत्रात पाहा, वस्तुमान आहे कुठे? नाही. हवेचा अडथळा सोडला तर श्रीवर्धनी रोठा सुपारी आणि दीड किलोचा नारळ एकदमच जमिनीवर येतील. ऊर्जा मात्र वेगळी. नारळाची १.५ गुणिले ९.८ गुणिले १५, म्हणजे २२० ज्यूलच्या आसपास. दहा ग्रॅमच्या सुपारीची दीड ज्यूलही नाही. त्यामुळे सुपारी डोक्यावर पडली तर माणूस वर बघतो. नारळ पडला तर बघायला राहत नाही.

तिथीची पाऊणपट

आता जरा रेंगाळू या, कारण हे उदाहरण खास आपल्या मुलखाचं आहे आणि एका ठिकाणी तीन धडे देतं.

आपल्याकडे खाडीकाठी भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. दशमीला साडेसात. आणि अष्टमीला? आठ पाऊणे सहा. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. गावाचं नाव कशावरून पडलं तो विषय बाजूला ठेवू, पण अष्टमीची भरती समुद्रावर सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला, हे ज्याला पाऊणकी पाठ आहे त्याला पंचांगाशिवाय सांगता येतं. खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ जातो, तो वेगळा.

एका मुलाचे आजोबा होडीवर गेलेले. त्याला हे तोंडपाठ होतं. मी म्हटलं, हीच तुझी अंकगणिती श्रेढी. प्रतिपदेला ४५ मिनिटं, द्वितीयेला ९०, तृतीयेला १३५. पहिलं पद ४५, सामान्य फरक ४५. पंधरावं पद काढ. त्याने मांडलं, ६७५ मिनिटं, म्हणजे सव्वाअकरा. पौर्णिमेची भरती सव्वाअकराला.

"पण सर," तो म्हणाला, "आजा तर पुनवेची भरती बारा वाजता धरतो."

आजोबा बरोबर आहेत आणि पोरगाही. आपल्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती बाराच्या आसपास आणि पौर्णिमेचीही बाराच्या आसपास. म्हणजे पंधरा तिथींत भरती बरोबर बारा तास पुढे सरकते. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले १५, आले ४८. खरा सामान्य फरक ४८ मिनिटांचा आहे, ४५ चा नाही. ठोकताळ्यात तिथीमागे तीन मिनिटं सांडतात. अष्टमीपर्यंत २४ मिनिटं होतात, पौर्णिमेला पुरा पाऊण तास. मग जुन्या लोकांनी ४८ का नाही धरलं? माझ्या मते कारण साधं आहे. पाऊणपट मनात होते. अर्धं करा, अर्ध्याचं अर्धं त्यात मिळवा, झालं. होडी ढकलताना चार पंचमांश कोण करत बसणार? आणि पौर्णिमेची वेळ ज्याला डोळ्यांनी माहीत आहे तो तिथे ठोकताळा वापरतच नाही. पोरांना मी एवढंच सांगितलं, की आलेलं उत्तर माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहायचं. त्या मुलाने ते आपणहून केलं. पेपरात पडताळा म्हणतात तो हाच. नेमकी वेळ हवी असेल त्याने अर्थातच भरतीचा छापील तक्ता पाहावा.

आता गुरुत्वाकर्षणाकडे वळू. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. का? अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत असतात, दोघांची ओढ एकमेकींत मिळते. अष्टमीला पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची भरती मोडते. इथे एका मुलीने फार चांगला प्रश्न काढला. सूर्य तर चंद्रापेक्षा कितीतरी मोठा, मग भरती चंद्राच्या तिथीवर का, सूर्यावर का नाही?

गणित केलं तर सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा साधारण १८० पट जास्त बलाने ओढतो. त्याचं वस्तुमान चंद्राच्या २ कोटी ७० लाख पट, अंतर साधारण ३९० पट, आणि बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. पण भरती येते ती नुसत्या ओढीने नव्हे. पृथ्वीच्या अलीकडच्या अंगाला ओढ किती आणि पलीकडच्या अंगाला किती, यांतल्या फरकाने येते. सूर्य इतका लांब, की त्याला पृथ्वीची अलीकडची बाजू काय आणि पलीकडची काय, जवळपास सारखीच. म्हणून १८० ला पुन्हा ३९० ने भागावं लागतं, आणि भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी उरतो. हे दहावीच्या पेपरात येणार नाही. पण ज्या पोरीला हा प्रश्न पडला तिला व्यस्त वर्गाचा नियम पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

उणे तीस मीटरचं शेत

वर्गसमीकरण म्हटलं की पोरांचे चेहरे उतरतात. सातबारा घ्या. क्षेत्र ६ आर, म्हणजे ६०० चौरस मीटर. शेत आयताकृती, लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त. कुंपणाला तार किती लागेल? रुंदी क्ष धरा, लांबी क्ष अधिक १०. दोघांचा गुणाकार ६००. कंस सोडवून क्ष वर्ग अधिक १० क्ष वजा ६०० बरोबर शून्य. असे दोन आकडे हवेत, ज्यांचा गुणाकार ६०० आणि वजाबाकी १०. तीस आणि वीस. म्हणून क्ष बरोबर २० किंवा उणे ३०.

आमच्या त्या मुलीने दोन्ही उत्तरं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. मी विचारलं, उणे तीस मीटर रुंदीचं शेत तलाठ्याकडे नोंदवून घेतील का? सगळे हसले, तीही हसली. पण यातच गुण असतो. "रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून उणे ३० हे मूळ ग्राह्य नाही," हे वाक्य वहीत उतरलं पाहिजे. आणि विचारलं होतं काय? तार. २० आणि ३० ची परिमिती १०० मीटर. पुष्कळ पोरं क्ष सापडला की गड जिंकल्यासारखी थांबतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

दोन चलांच्या समीकरणांना माझ्याकडे रोजचंच उदाहरण. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश द्यायचं. हाताशी दोन खतं. एक १५:१५:१५ चं सुफला, दुसरा थळच्या कारखान्यात होतो तो युरिया, ज्यात ४६ टक्के नत्र. सुफला क्ष किलो, युरिया य किलो. स्फुरदाचं समीकरण ०.१५ क्ष बरोबर ५०. नत्राचं ०.१५ क्ष अधिक ०.४६ य बरोबर १००. पहिल्यातून क्ष सुमारे ३३३, दुसऱ्यात घातल्यावर य सुमारे १०९. हेक्टरला शंभर गुंठे धरले तर गुंठ्याला सुफला सव्वातीन किलोच्या वर थोडं आणि युरिया किलोभराच्या वर थोडा. युरिया एका दमात फेकायचा नाही, हप्त्यांनी द्यायचा, ते इथे विस्ताराने नको. शंका असेल त्यांनी किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. मला गंमत याची वाटली, की हे उदाहरण सोडवल्यावर दोन पोरांनी घरी जाऊन बापाला विचारलं, "तुम्ही किती टाकता?" आणि उत्तर आलं, "अंदाजाने." त्या घरातल्या पुढच्या खरिपावर मी लक्ष ठेवून आहे.

भिऱ्याचं पाणी, घरचा दिवा

ऊर्जेचा धडा शिकवायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून नळातून खाली भिऱ्याला येतं आणि तिथे १९२७ पासून वीज होते. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, ते इतिहासाच्या तासाला. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यात वळतं आणि त्यावर आपलं उन्हाळी भात होतं. कोलाडला सकाळी पाहुणे रबरी होड्यांतून जातात तेही याच पाण्यावर.

पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येतं असं धरा. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. स्थितिज ऊर्जा १००० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास, १००० गुणिले ३६००, म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार १.३६. घर्षणात आणि यंत्रात थोडी जाणारच. तरी एक घनमीटर पाण्यातून एका युनिटच्या वर वीज निघते. दोनशे लिटरची पाच पिंपं म्हणजे एक युनिट, एवढं मनात ठेवलं की विजेचं बिल वेगळ्या डोळ्यांनी वाचलं जातं. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा एलईडी लावला तर सव्वा-दीडच. अभ्यासाला दिवा लावू नको असं म्हणणाऱ्या आजीला हा हिशोब दाखवावा.

उलटा हिशोब पंपाचा. तीन अश्वशक्तीचा पंप, एका अश्वशक्तीचे ७४६ वॅट, एकूण २२३८. पाणी १० मीटर वर चढवायचं. एक किलो चढवायला ९८ ज्यूल, म्हणून सेकंदाला २२.८ लिटर. हे पुस्तकातलं उत्तर, आणि पेपरात हेच लिहायचं. शेतावर पाहाल तर त्याच्या निम्मंही मिळालं तर नशीब. सेकंदाला ११.४ लिटर धरा. एकरभर शेतात ५ सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर ४०४७ गुणिले ०.०५, साधारण २०२ घनमीटर, दोन लाख दोन हजार लिटर. भागिले ११.४, म्हणजे पाच तासांना थोडा कमी वेळ. रात्री कितीला पंप लावायचा आणि कितीला उठायचं, हे पोरगं आता बापाला सांगू शकतं.

विजेच्या धड्यातला एक सावधगिरीचा मुद्दा. विभवांतर २३० वरून १८० वर उतरलं तर साध्या तारेच्या दिव्याची शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि जेमतेम ६१ टक्के उरते. रोध तोच राहिला असं त्यात धरलं आहे. पेपरात ठीक. पण हे सूत्र पंपाच्या मोटारीला लावू नका. विभवांतर कमी झालं की भाराखालची मोटार धारा जास्त ओढते, तापते आणि जळते. गावात उन्हाळ्यात मोटारी का जळतात त्याचं निम्मं कारण हे आहे.

उष्णतेच्या धड्याला पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ. शेंगांतलं आणि पाल्यातलं पाणीच वाफ होतं आणि त्यावर सगळं शिजतं. समजा त्यातलं २०० ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायचं. २०० गुणिले ७०, १४ हजार कॅलरी. पण १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला ग्रॅमला ५४० लागतात, म्हणजे १ लाख ८ हजार, जवळजवळ आठपट. ही अप्रकट उष्मा. तापमापी एक अंशही वर सरकत नाही आणि लाकडं मात्र जळत राहतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, या हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मडकं उघडताना हात मागे घेता ना? तेच लिहा.

भिंगाच्या धड्याला आजोबांचा चष्मा पुरतो. अडीच नंबरचं जवळचं भिंग म्हणजे नाभीय अंतर एक भागिले अडीच, ४० सेंटिमीटर. भिंतीवर समोरच्या खिडकीची प्रतिमा पाडून पट्टीने मोजा, तेवढंच येतं आणि उलटी दिसते. भिंगातून सूर्याकडे मात्र चुकूनही बघायचं नाही.

राहिलेले दिवस

लोक म्हणतात, शेतकऱ्याच्या पोराला गणित उपजत येतं. मला हे पटत नाही. अंदाज येतो, पण परीक्षक अंदाजाला गुण देत नाही. दिलेल्या गोष्टी लिहिणं, सूत्र, किमती घालणं, आकडेमोड, एकक, प्रत्येक पायरीला गुण वाटलेले असतात. शेवटचा आकडा चुकला तरी वरच्या पायऱ्यांचे मिळतात. म्हणून उदाहरण येत नसेल तरी जागा कोरी सोडू नये. सूत्र लिहावं, आकृती काढावी. तोंडी बरोबर उत्तर सांगणारी दोन पोरं आमच्याकडे आहेत. वहीत त्यांची एकच ओळ असते. त्यांची मला जास्त काळजी आहे.

चिंतामणराव देशमुख आपल्या रोह्याच्या घराण्यातले. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले, केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकताना वनस्पतीशास्त्राचं बक्षीस मिळवलं, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. भाषणांत त्यांचा दाखला देतात तेव्हा पोरं पेंगतात, कारण पहिला नंबर त्यांना लांबचा वाटतो. आमच्या ओट्यावरच्या मंडळींना पस्तीस हवेत, जमले तर पन्नास. तेवढ्यासाठी राहिलेल्या दिवसांत नवीन धडा उघडू नये. जे पाच-सहा प्रकार येतात ते न बघता, घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा सोडवावेत. पहाटे तास, संध्याकाळी तास. रोज एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण.

पालकांना एकच विनंती. हे तीन-चार आठवडे शेंगांना मजूर लावा, नाहीतर पैऱ्याने काम उरका. घरात दोन माणसांचं काम एका पोरावर टाकून वर त्याला "अभ्यास का नाही झाला" म्हणू नका. कंपासपेटीत पेन्सिलीला टोक आहे का, कर्कटकाचा स्क्रू ढिला आहे का, हे आदल्या रात्री बघा. भूमितीची रचना ढिल्या कर्कटकाने चुकते. केंद्र लांब असेल तर एसटीची वेळ आधी विचारून ठेवा, पेपराच्या दिवशी मोटरसायकलवर तिघं बसू नका.

खारपट्टीतली मुलगी परवाच्या सराव पेपरात बीजगणितात चाळीसपैकी एकवीसवर आली. भूमिती अजून पंधरालाच अडली आहे. वर्तुळाची प्रमेयं तिला नीट बसत नाहीत, छेदिका आणि स्पर्शिका यांत ती गोंधळते. काल आम्ही अंगणात खुंटी ठोकून दोरीने मोठं वर्तुळ आखलं, बाहेरून एक काठी टेकवली, दुसरी आरपार टाकली. अंतरं मोजली, गुणाकार केले, जुळले. तिच्या आईने शेंगांची पाटी खाली ठेवून विचारलं, "हे पेपरात येतंय का?" येतंय म्हटलं. मग तिने काठ्या तिथेच राहू दिल्या.